४० तासांच्या प्रशिक्षणानंतर मध्यस्थानं शिकायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे तालुका न्यायालयात वकिली करतात. मध्यस्थीचं, म्हणजे न्यायालयानं पाठवलेल्या वादांत पक्षकारांना तडजोडीपर्यंत येण्यास मदत करण्याचं, ४० तासांचं प्रशिक्षण होऊन दोन वर्षं झाली, मध्यस्थांच्या पॅनलवर नाव आहे, प्रकरणंही येतात. पण बहुतेक प्रकरणं ‘तडजोड झाली नाही’ असा अहवाल लावून परत जातात. आता पदविका करावी, वाटाघाटींवरचा एखादा ऑनलाइन कोर्स करावा, की २० तासांच्या रिफ्रेशरची वाट पाहावी, असं त्यांना विचारायचं आहे.

कोर्सचं सांगतेच, पण शेवटी. प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय, आणि मला तेच खरं दुखणं वाटतं: ‘माझं नेमकं काय चुकतं, ते कुणी सांगत नाही.’

वकिलीत तुम्हाला रोज कुणी ना कुणी सुधारतं. उलटतपासणीत चुकीचा प्रश्न गेला की साक्षीदाराचं उत्तरच ते दाखवून देतं. युक्तिवाद भरकटला की न्यायाधीश थांबवतात, समोरचे वकील तर टपूनच असतात, आणि या सगळ्यांतून निसटलंच तर अपिलाचं निकालपत्र येतं. मध्यस्थीच्या खोलीत यातलं काहीच नाही. दार बंद असतं आणि ते बंदच राहायला हवं. मोती राम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच बजावलंय, की तडजोड झाली तर सह्या झालेला करार पाठवा, नाही झाली तर मध्यस्थी यशस्वी झाली नाही एवढंच कळवा. कोण काय म्हणालं, कुणी कोणता प्रस्ताव ठेवला, यातलं अक्षरही अहवालात नको. पक्षकारांसाठी हे फार मोलाचं संरक्षण आहे. मध्यस्थाच्या शिकण्याला मात्र ते आडवं येतं. अनुभव वाढत जातो, पण तो तपासणारं कुणी नसतं. तेव्हा पुढच्या शिक्षणाचा खरा प्रश्न असा आहे की गोपनीयतेला धक्का न लावता आपल्या कामावर दुसऱ्याची नजर पडेल, अशी सोय कशी करायची.

त्याआधी, यशाच्या टक्केवारीवरून स्वतःला जोखू नका. ती बरीचशी तुमच्या हातातच नसते. काही न्यायालयांत प्रतिवादी हजर झाला की फाइल मध्यस्थीकडे येते, तर काही ठिकाणी पुरावा संपून युक्तिवादाच्या तोंडावर. तोवर दोन्हीकडचा खर्च होऊन गेलेला असतो, साक्षींमध्ये एकमेकांची अब्रू काढून झालेली असते आणि माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं वाटायला लागतं. १ जुलै २०२५ पासून नव्वद दिवस देशभर मध्यस्थीची मोहीम चालली. अशा मोहिमांत प्रकरणं गठ्ठ्यानं पाठवायचा मोह सगळीकडेच होतो, आणि त्यांत मध्यस्थीला न मानवणारीही येतात. कोणती प्रकरणं पाठवावीत आणि कोणती नाहीत, याची ढोबळ वर्गवारी ॲफकॉन्स विरुद्ध चेरियन वर्की या २०१०च्या निकालात आहे. तो मुळातून वाचा. खोटे दस्त, फसवणूक, तोतयेगिरी यांचे गंभीर आरोप असलेला दावा तुमच्याकडे आला आणि मिटला नाही, तर त्याचा दोष कौशल्यावर घेऊ नका.

नियमांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीनं, म्हणजे २००५ साली स्थापन झालेल्या एमसीपीसीनं (मेडिएशन अँड कन्सिलिएशन प्रोजेक्ट कमिटी), ४० तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर १० प्रत्यक्ष मध्यस्थी ही किमान अट मानली आहे. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. मध्यस्थी कायदा, २०२३ मधल्या कलम ३८ नं तर मध्यस्थांचं निरंतर शिक्षण, प्रमाणन आणि मूल्यमापन यांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणं हे भारतीय मध्यस्थी परिषदेच्या कामांतच घातलं आहे. कागदावरची सक्ती कधी, कशी आणि किती तासांची येईल ते येईल. तुमची अडचण आजची आहे.

आता कामाचं बोलू. आधी एक तपासा: तुमची प्रकरणं नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटतात? प्रास्ताविक, संयुक्त बैठक, स्वतंत्र बैठक, समारोप हे चार टप्पे तुम्हाला पाठ असतील. शेवटची पाच-सहा प्रकरणं आठवा. पक्षकार दुसऱ्या तारखेला आलेच नाहीत, तर बहुधा प्रास्ताविक कच्चं आहे. इथं आपल्याला काय मिळणार, हेच त्यांना कळलेलं नाही. शिवाय मध्यस्थी आणि लोकअदालत यांत त्यांचा घोळ होतो, आणि इथंही कुणीतरी ‘निम्मं-निम्मं करा’ म्हणणार अशी त्यांची समजूत असते. संयुक्त बैठकीत भडका उडून सगळं संपत असेल, तर दुखणं निराळं. आणि आकड्यावर येऊन गाडी अडत असेल, तर बहुतेक वेळा आधीचंच काहीतरी राहून गेलेलं असतं.

माझ्या पाहण्यात वकील-मध्यस्थ सर्वांत जास्त अडखळतात ते स्वतंत्र बैठकीत. तिथं पक्षकार एकटा समोर असतो, मन मोकळं करतो, आणि आपल्यातला वकील जागा होतो. ‘अहो, तुमची केस कमजोर आहे, घ्या मिटवून.’ हे वाक्य तोंडून गेलं की त्या पक्षकारापुरते तुम्ही मध्यस्थ उरत नाही. तो बाहेर जाऊन आपल्या वकिलांना सांगतो की मॅडम समोरच्या पार्टीच्या आहेत. वास्तवाची जाणीव तर करून द्यायचीच आहे, पण ती प्रश्नांतून. ‘निकाल तुमच्या बाजूनं लागला असं धरून चालू. त्यानंतर ताबा प्रत्यक्ष हातात यायला काय काय करावं लागेल? तोवर शेत कोण कसणार? अपील झालं तर?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच वकिलांना सगळ्यांत जड जातं.

एक प्रसंग जवळून सांगते. तपशील इतके बदललेत की मूळ माणसांनाही ओळख पटू नये. दोन भावांचा वाटपाचा दावा होता, जमीन थोडी आणि विहीर एकच. धाकटा स्वतंत्र बैठकीत तणतणत म्हणाला, ‘आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा फिरकला नाही, आणि आता विहिरीवर हक्क सांगतोय!’ माझ्यासोबत एक नवे सहकारी सह-मध्यस्थ होते. त्यांनी लगेच सारांश केला, ‘म्हणजे विहिरीत हिस्सा द्यायचा नाही, असं तुमचं म्हणणं आहे.’ धाकटा जोरात म्हणाला, ‘हो, अजिबात नाही!’ आतापर्यंत जी चीड होती, तिचा मागणीचा दगड झाला, आणि तोही आपल्याच हातानं. थोडा वेळ जाऊ दिला आणि मी म्हटलं, ‘आईचं सगळं तुम्ही एकट्यानं केलंत, आणि त्याची कुणी दखलही घेतली नाही, असं तुम्हाला वाटतं.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग औषधपाण्याचा खर्च, रजा, बायकोची झालेली ओढाताण असं सगळं निघालं. शेवटी विहिरीचा मुद्दा पाण्याच्या पाळ्या आणि मोटारीचं वीजबिल इथवर उतरला. त्यावर बोलता येतं.

या दोन सारांशांतला फरक कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण तुम्ही त्यातला कोणता करता, ते तुम्हाला स्वतःला कळत नाही, कारण बोलताना आपलं लक्ष पुढच्या प्रश्नाकडे असतं. ते शेजारी बसलेल्यालाच दिसतं. म्हणून सर्वांत आधी सह-मध्यस्थी मागून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना किंवा मध्यस्थी केंद्राच्या समन्वयकांना साधा अर्ज द्या, की अमुक काळ मला अनुभवी मध्यस्थांबरोबर बसायचं आहे. तालुक्याला अशी व्यक्ती नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. त्यात वेळ मोडतो, मानधनाचं गणित बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जा. पक्षकारांना दोन मध्यस्थ का आहेत ते आधी सांगा आणि त्यांची हरकत नाही ना, ते विचारा. बसण्याआधी कामं वाटून घ्या: प्रास्ताविक कोण करणार, टिपणं कोण घेणार, स्वतंत्र बैठकीत आधी कोण बोलणार. शक्य असेल तर वकील नसलेल्या माणसाबरोबर बसा. समुपदेशन किंवा समाजकार्यातून आलेले मध्यस्थ जे ऐकतात ते आपल्या कानावरून निसटतं, आणि करारातली जी भोकं आपल्याला दिसतात ती त्यांना दिसत नाहीत.

बैठक संपल्यावर लगेच घरी पळू नका. पंधरा मिनिटं दोघं तिथंच बसा. ‘छान झालं’ असलं काही नको. मी सर्वांत जास्त वेळ कधी बोलत होते? कोणत्या प्रश्नानंतर माणूस मोकळा झाला, कोणत्या प्रश्नानंतर मिटला? माझा कल कुणाकडे दिसला का, आणि कशावरून? दोघंही खोलीत होता, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न येत नाही. याच्याइतकं स्वस्त आणि नेमकं प्रशिक्षण मला तरी दुसरं माहीत नाही.

सोबतीला वही ठेवा, पण पक्षकारांची नव्हे, स्वतःची. बैठकीतली टिपणं काम संपल्यावर नष्ट करायची, ती वेगळी. या वहीत नाव, गाव, दावा क्रमांक काहीही नको. मी कोणतं वाक्य बोलले, त्यावर काय झालं, आणि त्या जागी दुसरं काय म्हणता आलं असतं, एवढंच लिहायचं. महिन्या-दोन महिन्यांनी वाचलीत की तुमच्या लकबी दिसायला लागतील. कुणी रडायला लागलं की विषय बदलणं, ज्येष्ठ वकील समोर असले की त्यांच्याकडेच बघून बोलणं, बाईमाणसाला प्रश्न विचारून उत्तर तिच्या वडिलांकडून किंवा भावाकडून घेणं. ही शेवटची लकब आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की पुष्कळांना ती लकब वाटतच नाही.

बैठकीचं रेकॉर्डिंग करून नंतर ऐकावं, असं मनात आलं तर ते तिथंच सोडा. मध्यस्थी कायद्याचं कलम २२ पक्षकारांसकट मध्यस्थालाही ध्वनिमुद्रण-चित्रीकरणाची मनाई करतं, मग बैठक समोरासमोर असो की ऑनलाइन. रेकॉर्डिंग करायचंच तर रोल-प्लेचं करा. चार-पाच मध्यस्थांचा गट जमवा. दोघांनी पक्षकार व्हायचं, एकानं मध्यस्थ, बाकीच्यांनी फक्त पाहायचं. अख्खी मध्यस्थी खेळू नका, दहा मिनिटांचा एकच तुकडा घ्या. आरोपाचं तटस्थ शब्दांत रूपांतर हा एक तुकडा. पहिला आकडा ऐकून भडकलेल्या माणसाला सांभाळणं हा दुसरा. तोच तुकडा लगेच पुन्हा खेळा, या वेळी वेगळ्या वाक्यांनी. अशा गटांत एक धोका असतो. तालुक्याला सगळ्यांना सगळ्यांच्या भानगडी माहीत असतात, नावं गाळली तरी प्रकरण ओळखू येतं. म्हणून प्रत्यक्ष प्रकरणांवर बोलायचा गट शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांचा असलेला बरा. तिथंही गोष्ट आपल्या वागण्याची सांगायची, पक्षकारांची नाही.

आता ज्या भागाकडे प्रशिक्षणात सहसा कमी वेळ जातो, त्याकडे वळते: कराराचा मसुदा. तुम्ही वकील आहात, त्यामुळे हे येतंच असं तुम्हाला वाटत असेल. पण रात्र झालेली, पक्षकार एकदाचे ‘हो’ म्हणालेले, आणि आपण घाईनं लिहितो: ‘उभय पक्षांनी विहिरीचे पाणी सामंजस्याने वापरावे.’ सामंजस्य असतं तर ते न्यायालयात आले असते का? पाळीचे वार, मोटार चालवायचे तास, बिलाचा हिस्सा, तो कुणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, मोटार जळली तर खर्च कुणाचा, पाईपलाईन कुणाच्या बांधावरून जाणार, हे सगळं कागदावर यायला हवं.

वाटपात तर पावलोपावली खड्डे आहेत. सरकारी सारा असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. तिथं हिस्से तुकडेबंदी कायद्यातल्या प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्राखाली गेले, तर तुमची सुंदर तडजोड तहसील कार्यालयात अडते. सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, ते बघितलं का? दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत ओढली, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(सहा) मधली सूट तिला मिळत नाही, त्यामुळे हुकूमनाम्याच्या, म्हणजे तडजोडीवरून न्यायालयानं काढलेल्या डिक्रीच्या, नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. पक्षकारांत कुणी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश ३२ नियम ७ प्रमाणे न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते. आदेश २३ नियम ३ साठी करार लेखी हवा आणि त्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात. मुखत्यारपत्रावर कुणी सही करत असेल, तर त्याला तडजोडीचा अधिकार दिलाय का, ते मुखत्यारपत्र स्वतः वाचून बघा. कौटुंबिक प्रकरणात संमतीनं घटस्फोट ठरला, तर रक्कम कोणत्या टप्प्यावर किती, स्त्रीधनाची यादी, मुलांच्या भेटीचे वार आणि वेळा, एकमेकांवरच्या फिर्यादींचं काय, हे नेमकं हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधला सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७च्या अमरदीप सिंग निकालापासून ठरलेलं आहे. पण तो माफ होईलच असं धरून हप्ते बांधू नका.

स्वतःला जोखायचं माझं माप इथंच सापडतं. तडजोड झाल्यावर सहा महिन्यांनी, वर्षानं, त्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाली का, ते पाहा. न्यायालयाच्या नोंदींत ते दिसतं, त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही की गोपनीयता मोडत नाही. दरखास्त आली असेल तर तुमचा करार काढा आणि कोणत्या कलमावरून भांडण झालं ते शोधा. यातून मिळणारं शिक्षण नेमकं असतं, कारण चूक तुमच्याच वाक्यात सापडते. ‘मिटलेली प्रकरणं’ या रकान्यात ती कधीच दिसणार नाही.

कायद्याचं वाचन मात्र निवडक ठेवा. २०२३चा कायदा एकदा सलग वाचा. मध्यस्थीला योग्य नसलेल्या वादांची पहिली अनुसूची, १२० दिवस आणि संमतीनं आणखी ६० दिवसांची मुदत, कराराची अंमलबजावणी सांगणारं कलम २७ आणि आव्हानाची मोजकी कारणं देणारं कलम २८ यांवर थांबा. कोणती कलमं लागू झाली आहेत ते अधिसूचनांतून पडताळत राहा, कारण ९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यातली काहीच लागू झाली होती. व्यापारी दावे येत असतील तर दाव्याआधी मध्यस्थी करायला सांगणारं व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम १२-अ आणि ते बंधनकारक ठरवणारा २०२२चा पाटील ऑटोमेशन निकाल हवाच. असे दावे येतच नसतील तर तूर्त सोडून द्या.

कौटुंबिक प्रकरणं येत असतील, तर एका विषयाचं स्वतंत्र प्रशिक्षण मी बाकी सगळ्याच्या आधी ठेवीन: घरातली मारहाण आणि धाक ओळखणं. बाई समोर बसून प्रत्येक गोष्टीला ‘चालेल’ म्हणते, तेव्हा ती तयार असते की घाबरलेली, हे कळायला अंदाज पुरत नाही. तिला आधी एकटीला भेटणं, येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवणं, आणि वेळ आली तर मध्यस्थी थांबवणं, हे शिकवणारं कुणी असेल तर पदरचे पैसे भरून जा. प्रकरण थांबवलंत म्हणून तुमची टक्केवारी घसरली, तर घसरू दे.

आता तुमचे कोर्स. २० तासांचा रिफ्रेशर मिळाला तर जरूर करा, मात्र जाताना वहीतले दोन-तीन नेमके अडसर बरोबर न्या, नाहीतर पहिल्याच प्रशिक्षणाची उजळणी होऊन परत याल. पदविका व्यापारी किंवा खासगी मध्यस्थीत उतरायचं असेल तर उपयोगी पडते. न्यायालयीन पॅनलवरचं रोजचं काम तिच्यानं सुधारेल असं मला वाटत नाही. ऑनलाइन कोर्स घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: प्रत्यक्ष सराव किती तास आहे, आणि माझा सराव पाहून मला कोण सांगणार? शिकवणारा स्वतः मध्यस्थीला बसतो का, हेही विचारायला लाजू नका. नुसती व्याख्यानं असतील तर प्रमाणपत्र मिळेल, तुमचा मूळ प्रश्न आहे तिथंच राहील.

तुमच्याकडे जास्त करून कोणती प्रकरणं येतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाटप-मनाईचे दावे, पोटगी, की धनादेश न वटल्याच्या फिर्यादी? आणि ती बहुतेक कोणत्या टप्प्यावर तुटतात? तेवढं कळवलंत तर गटात खेळायला उपयोगी पडतील असे सरावाचे दोन-तीन तुकडे लिहून देते. तोवर सह-मध्यस्थीचा अर्ज द्या. त्याला उत्तर यायला वेळ लागतो.